अप्पांच्या कॉम्प्युटरमध्ये मागं काय चालतं : दिवाळीच्या सुट्टीतल्या नोंदी

२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार, वसुबारस. मिरज.

यंत्र: २०१६ मध्ये घेतलेला डेस्कटॉप. इंटेल कोअर आय-३, सहावी पिढी. रॅम ४ जीबी. हार्ड डिस्क १ टीबी, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी. विंडोज १०. वापरणारे: अप्पा, वय ७१, सोसायटीचे खजिनदार.

तक्रार त्यांच्याच शब्दांत: "बटण दाबून चहा टाकतो, चहा पिऊन कप विसळून होतो, तरी थकबाकीची शीट उघडलेली नसते." दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगून टाकलंय की फॉरमॅट मारावा लागेल. अप्पांना ते नको आहे आणि मलाही. आत काय चाललंय हे न बघता सगळं पुसून टाकणं मला पटत नाही. दोन महिने बरं वाटतं, मग तेच प्रोग्रॅम एकेक करून परत येतात, आणि अप्पांनी आठ वर्षं लावलेली मांडामांड तेवढी जाते.

आज काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं, असं ठरवलं.

बटण दाबल्यापासून शीटमध्ये आकडा टाइप करता येईपर्यंत ९ मिनिटं २० सेकंद लागले, अप्पांच्या मनगटी घड्याळावर. त्याच वेळी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला. सीपीयू (प्रोसेसर) १२%, मेमरी ८६%, डिस्क १००%. प्रोसेस, म्हणजे त्या क्षणी चालू असलेली कामं, १३७.

डिस्क शंभर टक्के म्हणजे ती भरली, असं अप्पांना वाटलं. तसं नाही. तो आकडा डिस्क किती वेळ कामात अडकली आहे ते सांगतो. खरी गोष्ट शेजारच्या आकड्यात होती: सेकंदाला जेमतेम १.८ एमबी. एवढ्याशा मालासाठी डिस्क पूर्ण वेळ धावत होती. कारण सरळ आहे. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि सुई त्या पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. इकडून एक तुकडा, तिकडून एक तुकडा असं मागणारे दहा जण एकदम आले की सेकंदाला ऐंशीच्या आसपास तुकडे हाती लागतात, त्यापुढे रांग. एक्सेल त्या रांगेत उभा होता.

अप्पांनी डिटेल्सच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "हा बघ चोर. सिस्टिम आयडल प्रोसेस, ८७." खूप जणांना असंच वाटतं. ती ओळ रिकाम्या वेळाची आहे. प्रोसेसरला काम नसेल तेवढा वेळ तिच्या खात्यावर लागतो. ८७ म्हणजे प्रोसेसर बराचसा मोकळा बसलाय. हे अप्पांना एका वाक्यात कळलं, कारण हिशेबात शिल्लकही लिहावी लागते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी.

आजचा दिवस ओळखपरेडीचा. एसव्हीसीहोस्ट या एकाच नावाच्या ६४ ओळी. एकच नाव इतक्यांदा दिसलं की माणूस व्हायरस म्हणतो, आणि दुरुस्तीवालेही घाबरलेल्या गिऱ्हाइकाला तेच सांगतात. हा विंडोजच्या सर्व्हिसेसना, म्हणजे मागं गुपचूप चालणाऱ्या कामांना, चालवणारा यजमान आहे. आवाज, नेटवर्क, प्रिंटिंग, घड्याळ, फायरवॉल, या सगळ्या सर्व्हिसेस त्याच्या आत बसून काम करतात. आधी एकेका यजमानाकडे बऱ्याच सर्व्हिसेस एकत्र असत. २०१७ च्या विंडोज १० आवृत्ती १७०३ पासून, यंत्रात ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेसना स्वतंत्र यजमान मिळतो. एक कोसळली तर शेजारची वाचते, आणि कोण किती खातंय ते वेगळं दिसतं. म्हणून ओळी वाढल्या.

कोणत्या यजमानाकडे कोण आहे ते पाहायला कमांड प्रॉम्प्टमध्ये टास्कलिस्ट, मग तिरकी रेघ आणि एसव्हीसी. सगळी यादी वहीत उतरवली. हाताला कळ लागली, पण त्या तासाभरात जे समजलं ते स्क्रीनकडे नुसतं बघून कधीच समजलं नसतं.

खरं-खोटं कसं ओळखायचं तेही अप्पांना दाखवलं. एलसॅस नावाची प्रोसेस लॉगिनचं काम सांभाळते. तिच्या नावाचं पहिलं अक्षर छोटं एल. तिथं मोठा आय बसवला तर डोळ्याला फरक दिसत नाही, आणि लबाड प्रोग्रॅम ही युक्ती वापरत आलेत. म्हणून नावावर जायचं नाही. ओळीवर राइट क्लिक, ओपन फाइल लोकेशन. फाइल विंडोजच्या सिस्टिम ३२ या फोल्डरात निघाली पाहिजे. आपली तिथंच निघाली.

संध्याकाळी एक गोष्ट सापडली, ती लाल शाईनं लिहिते. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली अपटाइम, म्हणजे विंडोज सलग चालू असल्याचा काळ, १९ दिवस! अप्पा रोज रात्री शट डाउन करतात, वर भिंतीवरचं मेन बटणही बंद करतात. तरी १९ दिवस? कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. खरी नवी सुरुवात फक्त रीस्टार्ट केल्यावर होते, आणि अप्पा रीस्टार्ट कधी करतच नाहीत. अर्धवट बसलेले अपडेट १९ दिवस त्या रीस्टार्टची वाट बघत होते.

रीस्टार्ट केला. पाऊण तास अपडेटच चालू होते. त्यानंतर पुन्हा एक रीस्टार्ट करून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतो त्या नोंदी, उघडला. त्यात डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स नावाची वही असते आणि १०० क्रमांकाच्या नोंदीत बूटचा, म्हणजे यंत्र सुरू होण्याचा, वेळ मिलिसेकंदात लिहिलेला असतो. आजची नोंद: एकूण ३,५२,९०६. त्यातले डेस्कटॉप दिसेपर्यंत ७८,२०६ आणि डेस्कटॉप दिसल्यावर यंत्र शांत होईपर्यंत २,७४,७००. म्हणजे सव्वा मिनिटात चित्र येतं आणि पुढची साडेचार मिनिटं मागं धावपळ चालते. अप्पा नेमके त्या साडेचार मिनिटांत एक्सेलवर चार-चार वेळा क्लिक करतात.

३० ऑक्टोबर, बुधवार.

सिसमेन ही सर्व्हिस बंद करा, असं जो तो सांगतो. पूर्वीचं नाव सुपरफेच. तुम्ही रोज काय वापरता ते बघून ते आधीच मेमरीत आणून ठेवणं हे तिचं काम. बंद करून दोनदा मोजलं. सुरुवातीची धावपळ थोडी कमी झाली, पण एक्सेल उघडायला २२ सेकंदांऐवजी ३४ लागले. परत चालू केली. या यंत्रावर, अप्पांच्या कामाला, ती उपयोगाची आहे. ऐकीव सल्ल्यापेक्षा घड्याळ बरं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, नरक चतुर्दशी.

पहाटे उठणं झालंच होतं. अभ्यंगस्नान, फराळ उरकून साडेसहाला कॉम्प्युटर लावला आणि हात मागं घेऊन बसले. रिसोर्स मॉनिटर उघडा ठेवला, माउसला स्पर्श नाही. पहिली धावपळ पाच-सहा मिनिटांत ओसरली. डिस्कची रेघ खाली आली. आणि मग, कोणी वापरत नाही असं पाहून, एकेक जण कामाला लागला. आधी विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर, त्याची तपासणी. मग अपडेटचे जुने तुकडे आवरणारा टीआयवर्कर. मग सर्चची सूची करणारा इंडेक्सर. मग यंत्राची माहिती मायक्रोसॉफ्टला कळवणारी कम्पॅटिबिलिटी टेलिमेट्री. डिस्कची रेघ पुन्हा वर टेकली, एकेका मागणीला चारशे-पाचशे मिलिसेकंद लागायला लागले. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा जो लागला तो विझेचना.

सगळी ओळखीची, घरचीच मंडळी. मग ही सकाळी सातला का? उत्तर कंट्रोल पॅनेलमध्ये मिळालं. सिक्युरिटी अँड मेंटेनन्सच्या पानावर ऑटोमॅटिक मेंटेनन्स नावाची सोय आहे आणि तिची ठरलेली वेळ रोज पहाटे २ ची. त्या वेळी यंत्र बंद असेल तर राहिलेलं काम पुढं यंत्र चालू पण रिकामं सापडेल तेव्हा होतं. आमच्या घरी पहाटे दोनला भिंतीवरचं बटण बंद. गेली आठ वर्षं!

म्हणजे केरवारे करायला बाई येते तेव्हा घराला कुलूप. मग ती जेवणाच्या वेळी आली, पानं मांडली आणि केर काढायला सुरुवात झाली, तर तिला काय बोलणार? अप्पा चहाला उठले की मागं काम सुरू होतं, अप्पा परत येऊन बसले की काही थांबतं, काही थांबत नाही, अर्धं राहतं, उद्या पुन्हा पहिल्यापासून. मला हे बघून खरंच वाईट वाटलं. चार दिवस मी चोर शोधत होते, आणि इथं कामकरी माणसांना कामाला वेळच मिळालेला नव्हता.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन.

आज यंत्राला सुट्टी. सोसायटीच्या हिशेबाची वही, चोपडी आणि कीबोर्ड पाटावर. हळदकुंकू कीबोर्डच्या कोपऱ्याला लावलं, बटणांत जाऊ दिलं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा.

आज बोलावणं नसताना येऊन बसणाऱ्यांची पाळी. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर १४ नावं. प्रिंटरचा मदतनीस (तो प्रिंटर २०२१ मध्येच भंगारात गेला). मुदत संपलेला अँटीव्हायरस. गाण्यांच्या प्लेअरचा अपडेटर. पीडीएफ वाचकाचा अपडेटर. भाचरानं टाकलेला एक खेळ. फोटो वर चढवणारी एक सेवा, जिचा पासवर्ड कोणाला आठवत नाही.

पण हे पान सगळं दाखवत नाही. सर्व्हिसेस आणि टास्क शेड्यूलरमधली (ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारी) कामं इथं येत नाहीत. त्यासाठी ऑटोरन्स हे फुकट साधन उतरवलं. ते सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातलं. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते घेतलं. विंडोज सुरू होताना जिथून जिथून काही जागं होऊ शकतं, ती प्रत्येक जागा ते एका यादीत मांडतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आधी चालू केली, नाहीतर यादी अंगावर येते. पिवळ्या ओळी म्हणजे जिची फाइलच आता जागेवर नाही अशी नोंद. अशा ७ निघाल्या. सगळीकडे नुसती खूण काढली, काहीही डिलीट केलं नाही. चुकलं तर खूण परत करता येते.

अँटीव्हायरस मात्र रीतसर अनइन्स्टॉल केला आणि विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडर चालू आहे हे डोळ्यांनी पाहिलं. डिफेंडर मेमरी खातो म्हणून त्याला बंद करणं मी कोणालाही सुचवणार नाही. सोसायटीच्या ४८ घरांचे हिशेब या यंत्रात आहेत.

ब्राउझरच्या २३ प्रोसेस होत्या, त्यातल्या काही तर तो बंद असतानाही. अनेक प्रोसेस असण्यात गैर काही नाही, क्रोम २००८ मध्ये आला तोच टॅबना वेगवेगळ्या प्रोसेस देत, म्हणजे एक पान अडकलं तर बाकीची बुडत नाहीत. शिफ्ट-एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणतं पान किती खातंय ते कळतं. बंद केल्यावरही मागं चालू राहायची परवानगी तेवढी सेटिंग्जमधून काढली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. संध्याकाळी सर्व्हिसेसची यादी चाळताना टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनेल अशी एक सर्व्हिस दिसली. या यंत्राला टच स्क्रीन नाही. डिसेबल केली.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज.

दादा-वहिनी आले. अप्पांना पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस काढायची होती. कीबोर्ड मराठीवर जाईना. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून काही होईना, स्टार्टच्या शोधपट्टीत तर अक्षरच उमटेना. अप्पा गप्प बसून होते. "राहू दे, हातानं लिहितो," म्हणाले. ते मला लागलं.

कारण मीच केलेलं होतं. नावात टच असलं तरी विंडोज १० मध्ये अक्षरं आत घेणारी, भाषा बदलणारी सीटीएफमॉन ही प्रोसेस त्या सर्व्हिसच्या आधारानं चालते. सर्व्हिसचं स्टार्टअप पूर्ववत मॅन्युअल केलं, सुरू केली, रीस्टार्ट. मराठी परत आलं. नोटीस साडेअकराला जिन्यात लागली.

वहीच्या पहिल्या पानावर अप्पांच्या अक्षरात नियम लिहून घेतला: एका दिवशी एकच बदल. बदलाआधी काय होतं ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी रोजची सगळी कामं करून बघायची, मराठीतलं टायपिंग धरून.

पुण्याला निघण्याआधी शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम. ऑटोमॅटिक मेंटेनन्सची वेळ पहाटे २ ऐवजी दुपारी २ केली. दीड ते साडेतीन अप्पांची वामकुक्षी, त्या वेळात कॉम्प्युटरला कोणी हात लावत नाही. अर्ध्या तासानं झोपी जायची सेटिंग दोन तासांवर नेली. मॉनिटर बंद करायचा, कॅबिनेट चालू ठेवायचं. आईनं विजेचं विचारलं. पन्नास वॉट धरले तर दोन तासांचं ०.१ युनिट. आई म्हणाली, मग चालेल.

फास्ट स्टार्टअप तसाच ठेवला, त्यानं सकाळचा वेळ वाचतो. त्याऐवजी दर शनिवारी रीस्टार्ट, आणि नुसता शट डाउन म्हणजे रीस्टार्ट नव्हे हे वहीत ठळक.

आजचा वेळ: बटणापासून शीटपर्यंत ४ मिनिटं ३० सेकंद.

२० नोव्हेंबर, बुधवार. मतदान.

मतदानासाठी मिरजेला आले. सकाळी सातलाच मत देऊन मोकळे झालो. अप्पांची वही पाहिली. तारीख, बटण, शीट, शेरा, असे चार रकाने पट्टीनं आखलेत. खजिनदाराची वही, एकही दिवस कोरा नाही. पहिल्या आठवड्यात दुपारी दोननंतर लाल दिवा तासभर सतत लागलेला. १२ तारखेपासून "दिवा २० मि." असा शेरा. साचलेलं काम संपलं होतं. वेळ ३ मिनिटं ५० सेकंदांवर स्थिरावलेला.

यापुढं प्रोग्रॅम आवरून काही मिळणार नव्हतं. सुईच्या आठ मिलिसेकंदांना सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही. म्हणून पुण्याहून ४८० जीबीची एसएसडी आणली होती. तिच्यात फिरणारं काही नाही, सुई नाही. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायला तीन तास लागले, तेवढ्यात आईबरोबर बाजार झाला.

नवी नोंद, क्रमांक १००: ३३,८१२ मिलिसेकंद. शीट ४१ सेकंदांत. प्रोसेसची संख्या ११९. सुट्टीत आवराआवर केल्यावर ११८ होती. म्हणजे ज्या आकड्याला आम्ही सगळे घाबरत होतो तो जवळपास तोच राहिला आणि यंत्र पळायला लागलं.

एक काम डोक्यावर आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. आपली सहावी. मराठी टायपिंग आणि सोसायटीच्या शीट नीट चालतात का हे जुन्या डिस्कवर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकून अप्पांबरोबर बघायचं. उन्हाळ्यात.

१ डिसेंबर, रविवार. पुणे, फोनवर.

अप्पांनी वही वाचून दाखवली. गुरुवारी सुरू होताना एक चौकट आली, कसलातरी अपडेटर परवानगी मागत होता. त्यांनी काही दाबलं नाही. नाव अक्षर-अक्षर उतरवून घेतलं, फाइल कुठल्या फोल्डरात आहे तेही राइट क्लिक करून पाहिलं आणि लिहिलं. पीडीएफ वाचकाचाच निघाला.

शनिवारी रीस्टार्ट केला. शीट ४० सेकंद. शेरा: "दुपारी २ वा. पाणी प्यायला उठलो, दिवा लुकलुकत होता. हात लावला नाही."